अमेरिकेतल्या हॉस्पिटलमधून वैद्यकीय नोंदी आणि स्कॅन कसे मिळवायचे: हक्क, कागदपत्रे, अर्ज

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांना तिथे अचानक दाखल करावे लागले, तर भारतात परतल्यावर इकडचे डॉक्टर आधी डिस्चार्ज समरी आणि स्कॅनची सीडी मागतात. घरी सोडताना हॉस्पिटल जो कागदांचा गठ्ठा देते, त्यात बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी नसतात. त्या गठ्ठ्याला 'आफ्टर व्हिजिट समरी' म्हणतात. गोळ्यांची यादी, पथ्य, पुढची अपॉइंटमेंट एवढेच त्यात असते. काय झाले, काय सापडले, काय केले हे डॉक्टरांसाठी लिहिलेले टिपण वेगळे असते आणि ते अर्ज करून मागावे लागते.

हक्क कोणाचा

पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेसंबंधीच्या १९९६ च्या 'हिपा' या अमेरिकन कायद्याखालील नियमांनुसार स्वतःच्या नोंदींची प्रत मिळवणे हा पेशंटचा हक्क आहे. नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार किंवा विमा यांचा त्याच्याशी संबंध नाही. नोंदी कशासाठी हव्यात, हे सांगण्याचे बंधन नाही. मानसोपचारतज्ज्ञाची स्वतंत्र ठेवलेली खासगी टिपणे मात्र या हक्कातून वगळलेली आहेत.

घरोघरी गल्लत होते ती पुढच्या मुद्द्यावर. वडिलांवर उपचार चालू असताना डॉक्टर मुलाशी मोकळेपणाने बोलतात, पण म्हणून वडिलांची फाइल मुलाला मिळत नाही. त्यासाठी वडिलांची सही लागते. पेशंट शुद्धीवर असेल तर दाखल असतानाच सही करून घ्या. शुद्धीवर नसेल तर 'हेल्थ केअर पॉवर ऑफ अॅटर्नी' (उपचारांचे निर्णय घेण्याचे अधिकारपत्र) ज्याच्या नावे आहे ती व्यक्ती अर्ज करू शकते. तसा कागद नसेल तर त्या राज्याच्या कायद्यानुसार निर्णय घेणारा नातेवाईक ठरतो, आणि हा क्रम राज्यागणिक बदलतो. पेशंट दगावला असल्यास मालमत्तेचा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करतो.

आई-वडिलांना इंग्रजी फॉर्म समजत नसेल तर दुभाषा मागा. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो मोफत द्यावा लागतो. मराठीचा दुभाषा बहुधा फोनवर मिळतो.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज 'मेडिकल रेकॉर्ड्स' किंवा 'हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट' विभागाकडे करायचा. वॉर्डातल्या नर्सला सांगून हे काम होत नाही. फॉर्म हॉस्पिटलच्या वेबसाइटवर असतो. सोबत पेशंटच्या पासपोर्टची प्रत, आणि दुसऱ्या कोणाला नोंदी द्यायच्या असतील तर त्याचे नाव, पत्ता आणि ओळखपत्र लागते. हातातल्या कागदी पट्ट्यावर 'एमआरएन' हा पेशंट क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. त्याने शोधाशोध वाचते.

अर्ज अडतो तो सहसा तीन जागी. पहिली जागा जन्मतारखेची. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०४/०७/१९५१ म्हणजे तिथे ७ एप्रिल. आपण ४ जुलै समजून तसेच लिहिले की पेशंट सापडत नाही. दुसरी जागा नावाची. पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात असते, आणि इमर्जन्सीत घाईने नोंद करताना त्यातले एखादे गळते. फॉर्मवर हॉस्पिटलच्या कागदांवर जसे नाव आहे तसेच लिहा आणि पासपोर्टवरचे नाव शेजारी द्या. तिसरी जागा सहीची. पासपोर्टवर मराठीत सही असेल तर फॉर्मवरही मराठीतच करा. दोन्ही जुळत नसतील तर अर्ज परत येऊ शकतो.

'संपूर्ण फाइल' मागू नका. पंधरा दिवस दाखल असलेल्या पेशंटची फाइल शेकडो पानांची होते आणि त्यातली बरीचशी नर्सिंगच्या तासातासाच्या नोंदींची असतात. डिस्चार्ज समरी, दाखल करतानाची तपासणी, ऑपरेशन किंवा प्रोसिजर नोट, कन्सल्टंटच्या नोंदी, लॅब, ईसीजी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट, डिस्चार्जच्या वेळची औषधे एवढे नावानिशी लिहा. स्टेंट, पेसमेकर किंवा सांध्याचे इम्प्लांट बसवले असेल तर त्याचे कार्ड मागाच. पुढे एमआरआय करताना कंपनी आणि मॉडेल पहिल्यांदा विचारतात.

मागण्याची वेळही महत्त्वाची. डिस्चार्जच्या दिवशी समरीवर डॉक्टरांची सही झालेली नसते आणि काही कल्चर (जंतूंची तपासणी), बायोप्सी यांचे रिपोर्ट बाकी असतात. डिस्चार्जनंतर फाइल पूर्ण करायला हॉस्पिटलला ३० दिवसांची मुदत असते. म्हणून स्कॅनची सीडी निघतानाच घ्या आणि कागदपत्रांचा अर्ज आठवड्या-दोन आठवड्यांनी, पण विमानात बसण्याआधी करा.

पोर्टल

मायचार्टसारख्या पोर्टलवर, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या ऑनलाइन खात्यावर, रिपोर्ट फुकट दिसतात आणि ते भारतातूनही उघडते. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे रिपोर्ट तयार होताच तिथे येतो, कधीकधी डॉक्टरांनी फोन करण्याआधीच. पाहुणा म्हणून आलेल्या पेशंटकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो आणि क्रेडिटचा इतिहासही नसतो, त्यामुळे घरून खाते उघडताना ओळख पटवण्याच्या पायरीवर गाडी अडते. दाखल असतानाच रजिस्ट्रेशन काउंटरवरून अॅक्टिव्हेशन कोड घ्या. लॉगिनचा कोड भारतात मिळायला हवा, म्हणून आई-वडिलांचा स्वतःचा ईमेल द्या.

स्कॅन

रिपोर्टच्या अर्जात स्कॅनची चित्रे आपोआप येत नाहीत. ती रेडिओलॉजीच्या 'इमेज लायब्ररी'त किंवा 'फिल्म लायब्ररी'त मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. इको आणि अँजिओग्राफीची चित्रे तर अनेकदा रेडिओलॉजीकडे नसून कार्डिओलॉजीकडे असतात. त्यामुळे सीटीची सीडी मिळाली आणि अँजिओग्राफी राहून गेली, असे सर्रास होते.

चित्रे 'डायकॉम' या स्कॅनच्या मूळ डिजिटल फॉरमॅटमध्येच मागा. सीटीच्या एका तपासणीत शेकडो काप असतात. डॉक्टर ते पुढेमागे सरकवून, प्रकाश बदलून पाहतात: हाडासाठी एक, फुफ्फुसासाठी दुसरा, मेंदूसाठी तिसरा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हे काहीच करता येत नाही.

सीडी हातात आल्यावर तिथेच उघडून पाहा. नाव, तारीख आणि मागितलेल्या सगळ्या तपासण्या आहेत का ते तपासा. काही सीड्यांना पासवर्ड असतो आणि तो वेगळ्या कागदावर छापून येतो. तो कागद हरवला की सीडी निरुपयोगी. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून सगळे फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर उतरवा. 'डायकॉमडिर' नावाची (सीडीवरच्या चित्रांची सूची असलेली) फाइल वगळली किंवा फोल्डरांची नावे बदलली तर काही प्रणालींत तपासणी उघडत नाही. क्लाउडची लिंक मिळाली असेल तर ती मुदतीत संपते, त्यामुळे लगेच डाउनलोड करा. सीडी सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.

बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजी विभागाकडे तिसरा अर्ज. कॅन्सरच्या उपचारांत इकडचे पॅथॉलॉजिस्ट स्लाइड किंवा ब्लॉक (मेणात जपलेला पेशींचा तुकडा) पुन्हा तपासतात. अमेरिकेतल्या लॅबना हिस्टोपॅथॉलॉजीच्या स्लाइड किमान १० वर्षे आणि ब्लॉक किमान २ वर्षे जपावे लागतात. ब्लॉकची मागणी वर्षानुवर्षे लांबवू नका.

बिले आणि विमा

क्लेमची कागदपत्रे मेडिकल रेकॉर्ड्समध्ये मिळत नाहीत, ती बिलिंग विभागाकडून घ्यावी लागतात. 'आयटमाइज्ड बिल' (बाबवार बिल) आणि 'यूबी-०४' हा हॉस्पिटलच्या विमा क्लेमचा फॉर्म मागा. इमर्जन्सीचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट यांची बिले बरेचदा स्वतंत्र येतात. अँब्युलन्सची नोंदही ती सेवा चालवणाऱ्या संस्थेकडे असते, अग्निशमन दलाची अँब्युलन्स असेल तर त्यांच्याकडे.

मुदत, शुल्क, नकार

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदी द्याव्या लागतात. उशीर होणार असेल तर कारण लेखी कळवून आणखी ३० दिवसांची एकच मुदतवाढ घेता येते. शुल्क प्रत काढण्याचा खर्च, सीडी किंवा कागद आणि टपाल एवढेच घेता येते. फाइल शोधण्याचे पैसे लावता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी ६.५० डॉलर सरसकट आकारण्याचा एक पर्याय हॉस्पिटलला आहे. शेकडो डॉलरचे बिल आले तर अर्ज पेशंटच्या हक्काखाली नोंदवला आहे की वकील-विम्याच्या मागणीत टाकला आहे, हे विचारा. चूक बहुधा तिथेच असते.

हॉस्पिटलचे बिल थकले आहे म्हणून नोंदी अडवता येत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण विम्याचा निकाल लागेपर्यंत बिल थकणे नेहमीचे आहे. तरीही अडवले तर नकार लेखी मागा आणि हॉस्पिटलच्या 'प्रायव्हसी ऑफिसर'ला लिहा. तिथे काम झाले नाही तर अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या 'ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स'कडे ऑनलाइन तक्रार करता येते. नकार कळल्यापासून १८० दिवसांत ती नोंदवावी लागते, आणि ती भारतात बसूनही भरता येते.