थोमानं बोट घातलं होतं का?

पुण्यात पंचहौदाच्या चर्चपाशी असो वा कॅम्पात, एक समज हमखास ऐकू येतो: शंका घेतली की ख्रिस्ती माणूस अविश्वासी ठरला. पुरावा म्हणून येशूचा शिष्य थोमा याचं नाव पुढे करतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय नीट वाचा. बाकीच्या शिष्यांनी मरणातून उठलेल्या येशूला आधीच पाहिलं होतं. थोमा तेव्हा तिथे नव्हता; जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी येशूनं क्रुसावरच्या जखमा पुढे केल्या. थोमानं बोट घातलं, असं तिथे लिहिलेलंच नाही (चित्रकारांनी मात्र घालून टाकलंय!). तो एवढंच म्हणाला, ‘माझा प्रभू, माझा देव.’ कानउघाडणी झाली, हकालपट्टी नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायातला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप तर विश्वास नि अविश्वास एका दमात कबूल करतो. त्याचा मुलगा बरा होतोच.