सुरुवातीलाच अडलेला लिनक्स

गेल्या महिन्यात जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. एरवी सरसर वर जाणाऱ्या ओळी थांबल्या. एका ओळीपुढे लाल तारका इकडून तिकडे फिरत होत्या, शेजारी सेकंद मोजले जात होते. १ मिनिट ३० सेकंदांची मुदत संपली, ‘डिपेंडन्सी फेल्ड’च्या ओळी आल्या आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन बसलं.

डिस्क गेली होती, पण सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ या फाइलमधली तिची ओळ तशीच होती. ही ओळ पाळायचं काम सिस्टमडीचं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा झाला की तो सर्वांत आधी जी प्रक्रिया सुरू करतो, प्रक्रिया क्रमांक १, ती बहुतेक लिनक्समध्ये हीच. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्याआधीच्या पद्धतीत सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, साधारणपणे एकापाठोपाठ एक उठत. सिस्टमडी जमेल तितक्या एकदम उठवतो. वेळ वाचतो, पण पडद्यावर शेवटी दिसलेली ओळ हीच गुन्हेगार, असं म्हणायची सोय राहत नाही.

म्हणून आधी ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेला ‘फेल्ड’ जोडून कोण कोण पडलंय ते बघावं. मग नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ला ‘डॅश बी’ आणि ‘डॅश यू’ देऊन याच बूटमधली, त्याच सेवेची नोंद काढावी आणि ती वरून खाली वाचावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण तळाशी पुष्कळदा ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ एवढंच असतं. सेवा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाली की सिस्टमडी नाद सोडतो, त्याची ती पावती. खरं दुखणं चार ओळी वर असतं. तिथे २०३ आकडा दिसला तर प्रोग्रॅम चालवताच आलेला नाही: मार्ग चुकलाय किंवा चालवायची परवानगी नाही. २१७ म्हणजे ज्या युजरच्या नावाने सेवा चालवायची, त्यात गडबड.

सगळ्यात फसवी सेवा म्हणजे बूटच्या वेळी पडणारी, पण हाताने सुरू केली की निमूट चालणारी. अशा वेळी प्रोग्रॅमवर शंका घेऊ नका, क्रम तपासा. सेवेच्या युनिट फाइलमधला, म्हणजे तिच्या सूचनांच्या फाइलमधला, ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतो: स्वयंपाक झाल्यावर पानं वाढा. स्वयंपाकाला कुणी बसलंय का, हे त्यात येत नाही, ते ‘रिक्वायर्स’ने सांगावं लागतं. आणि नुसतं ‘रिक्वायर्स’ लिहिलं तर दोन्ही कामं एकदमच सुरू होतात, पानं मांडलेली आणि भात अजून चुलीवर. नेटवर्कचं तसंच. ‘नेटवर्क टार्गेट’ हा टप्पा झाला म्हणजे मशीनला आयपी पत्ता मिळालाच असं नाही. ठरावीक पत्त्यावर ऐकायला बसणारा डेटाबेस इथे हमखास आपटतो. त्याच्या युनिट फाइलमध्ये ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्हींपुढे ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’चं नाव लागतं.

माझ्या मशीनवर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, पासवर्ड देऊन आत गेलो, एफएसटॅबमधल्या त्या ओळीपुढे हॅश टाकून ती निकामी केली आणि रीबूट केलं. बॅकअपची डिस्क कधी लावलेली असते, कधी नसते, म्हणून तिच्या ओळीत ‘नोफेल’, म्हणजे नसली तरी अडू नकोस, असं लिहिलं. आता त्या फाइलला हात लावला की रीबूटच्या आधी ‘फाइंडएमएनटी’ या आज्ञेला ‘व्हेरिफाय’ देऊन ती तपासून घेतो.