ताउंगच्या मुलाचं वय आणि मरण

1924 च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतून दगडांनी भरलेल्या पेट्या जोहान्सबर्गला रेमंड डार्ट यांच्याकडे आल्या. डार्ट तिथल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. पेटीत त्यांना मेंदूच्या आकाराचा एक दगड दिसला. कवटीत चुना आणि माती भरून तयार झालेला तो साचा होता, त्यावर मेंदूच्या वळ्यासुद्धा उमटल्या होत्या. हा साचा अचूक बसेल असा दुसरा दगडही तिथेच होता. विणकामाच्या सुयांना टोक काढून डार्ट यांनी तो आठवडेच्या आठवडे कोरला, आणि आतून एका लहान मुलाचा चेहरा बाहेर आला. दुधाचे सगळे दात शाबूत, त्यांच्या मागे नुकतीच उगवलेली पहिली कायमची दाढ.

मज्जारज्जू कवटीच्या तळातल्या भोकातून खाली उतरतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत हे भोक मागच्या बाजूला असतं, आपल्यात ते बरोबर खाली असतं, कारण आपलं डोकं ताठ मानेवर तोललेलं असतं. ताउंगच्या मुलात ते चिंपांझीपेक्षा बरंच पुढे होतं. मेंदू मात्र जेमतेम 400 घन सेंटिमीटरचा, आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. म्हणजे आपले पूर्वज आधी दोन पायांवर उभे राहिले आणि मेंदू मोठा झाला तो फार नंतर. 7 फेब्रुवारी 1925 च्या ‘नेचर’मध्ये डार्ट यांनी हे मांडलं आणि या जातीला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकॅनस असं नाव दिलं.

ते कुणाला पटेना. चिंपांझी-गोरिलांसारख्या कपींची पिल्लं दिसायला माणसाच्या जवळची असतात, मोठेपणी ती तशी राहत नाहीत, हा आक्षेप रास्त होता. पण खरी अडचण इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची होती. 1912 मध्ये जाहीर झालेल्या त्या ‘आदिमानवा’चा मेंदू माणसाएवढा आणि जबडा कपीसारखा होता, डार्ट सांगत होते त्याच्या नेमका उलट. 1953 मध्ये ती लबाडी उघडी पडली: माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलेला, दात कानशीने घासलेले! तोवर जीवाश्मशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूम यांना 1936 पासून दक्षिण आफ्रिकेतल्याच स्टर्कफोंटेनला याच कुळातल्या प्रौढांचे अवशेष मिळू लागले होते आणि डार्ट यांचं म्हणणं खरं ठरत चाललं होतं.

मुलाचं वय मात्र बराच काळ चुकीचं धरलं गेलं. आपल्या मुलांना पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, म्हणून हे मूलही सहा वर्षांचं मानलं गेलं. 1987 मध्ये कवटीचा सीटी स्कॅन झाला आणि जबड्याच्या आत अजून वाढत असलेले दात स्पष्ट दिसले. त्यांच्या वाढीचा क्रम कपींसारखा होता. कपींची ही दाढ लवकर येते, त्यामुळे मुलाचं वय तीन-चार वर्षांवर आलं. मला हा शोध दोन पायांच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. आपलं लांबलचक बालपण, ज्यात मूल वर्षानुवर्षं मोठ्यांकडून शिकत राहतं, ते दोन पायांबरोबर आलेलं नाही. सुमारे 28 लाख वर्षांपूर्वीचं हे मूल चालत आपल्यासारखं होतं, पण वाढत होतं चिंपांझीच्या वेगाने.

राहिला प्रश्न मृत्यूचा. ताउंगला बबून माकडांच्या फुटक्या कवट्याही निघाल्या होत्या. त्या मुलाच्या आप्तांनीच शिकार करून फोडल्या, असं डार्ट यांना वाटे. 1995 मध्ये ली बर्गर आणि रॉन क्लार्क या शास्त्रज्ञांनी वेगळी शंका मांडली: ही सारी हाडं एखाद्या मोठ्या शिकारी पक्ष्याने जमवलेली असावीत. पुरावा अपुरा होता. मग आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात क्राउन्ड ईगल गरुडांनी मारलेल्या माकडांच्या हाडांचा अभ्यास झाला. डोळे उपसताना गरुडाची चोच आणि नख्या खोबणीच्या पातळ हाडात खडबडीत कडांची भोकं पाडतात, हे त्यातून कळलं. बर्गर यांनी 2006 मध्ये ताउंगची कवटी पुन्हा हातात घेतली. तशीच भोकं तिच्या खोबणीत होती. 1925 पासून शास्त्रज्ञ ही कवटी निरखत होते, पण गरुडाने खाल्लेलं माकड शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्या भोकांचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. डार्ट यांनी ज्याला शिकाऱ्यांच्या कुळातलं मानलं, ते मूल स्वतःच शिकार झालं होतं.