मोनेचा सूर्य थरथरतो कशामुळे?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्र मोबाइलवर उघडा आणि फोटो एडिटरमध्ये सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणा. होड्या दिसत राहतात, पण फ्रान्समधल्या ल आव्र बंदरावरचा तो नारिंगी सूर्य धुरकट आभाळात जवळजवळ विरून जातो. रंगीत चित्रात नजर सर्वांत आधी जाते ती त्याच्याकडेच!

सूर्य आणि आभाळ यांचे रंग वेगळे असले, तरी उजळपणा जवळपास सारखा आहे. वस्तू कुठे आहे, हलते आहे का, हे ठरवणारी मेंदूतली यंत्रणा मुख्यतः उजळपणावर चालते. रंग ओळखणारी वेगळी. सूर्य दुसरीला ठळक दिसतो, पहिलीला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे त्याची जागा पक्की होत नाही आणि तो थरथरल्यासारखा वाटतो. हे स्पष्टीकरण हार्वर्डच्या मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांचं.

१८७२ साली मोनेला यातलं मज्जाशास्त्र ठाऊक असणं शक्य नव्हतं. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हे मात्र रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ मध्येच मांडलं होतं. तो काम करायचा त्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं बनत, काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. नारिंगी निळ्याशेजारी अधिक पेटतो तो याच नियमाने. दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे मोनेसारख्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, कामामागचं हे विज्ञान मला त्यांच्या बंडखोरीच्या कहाण्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

स्वतः करून पाहायचं तर आधी निळसर राखाडी आभाळ रंगवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर नारिंगी फिरवलात तर दोन्ही विरुद्ध रंग मिसळून मातकट चिखल होतो. मग नारिंगीचा ठिपका कागदाच्या तुकड्यावर लावा, वाळल्यावर आभाळाला भिडवा आणि डोळे किलकिले करून पाहा. कड पुसट झाली की उजळपणा जुळला. ओल्या ठिपक्यावर विसंबू नका: अ‍ॅक्रिलिक वाळताना थोडं गडद होतं, जलरंग फिके पडतात. नेहमीची चूक म्हणजे सूर्य तेजस्वी दिसावा म्हणून त्यात पांढरा घालणं. तसं केलं की नारिंगीची धार जाते, उजळपणातला फरक वाढतो आणि सूर्य चिकटवलेल्या टिकलीसारखा जागच्या जागी बसतो. जुळलेला ठिपका भरल्या ब्रशने एकदाच ठेवा, पुन्हा त्यावर ब्रश फिरवू नका.