देवळावरून उठवलेलं गाव

अथेन्सहून निघालेली बस आराखोव्हाच्या अरुंद रस्त्यातून कशीबशी वाट काढते आणि पुढे दहाएक किलोमीटरवर डेल्फीला थांबते. तिथली कौलारू घरं, दरीकडे उघडणारे सज्जे बघून पाहुणे गावाला ‘प्राचीन’ ठरवून मोकळे होतात. पण हे गाव म्हणजे १८९०च्या दशकातलं पुनर्वसन आहे.

अपोलोचं देऊळ आणि कौल देणारी पुजारीण सगळ्यांना ठाऊक आहेत. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस तो कौल बंद पडला. पुढे त्याच उतारावर कास्त्री हे गाव वसलं. भिंतींत देवळाचे कोरीव दगड, आणि गुलामांना मुक्त केल्याचे शेकडो लेख असलेली जुनी भिंत थेट घरांच्या पाठीशी. १८७०च्या भूकंपाने गाव खिळखिळं केलं, तेव्हा ते हलवायची चर्चा झाली. पण सरकारकडे पैसा नव्हता.

उत्खननाचा हक्क फ्रेंचांना हवा होता, अमेरिकनांचाही डोळा होता. ग्रीक सरकारने घोडं अडवलं ते मनुक्यांवर! फ्रान्सने ग्रीक मनुक्यांवरचं आयातशुल्क कमी करावं, मग डेल्फी खणायला मिळेल. दहा वर्षं ही घासाघीस चालली. १८९१ मध्ये करार झाला आणि फ्रेंच संसदेने पाच लाख फ्रँक मंजूर केले. सापडेल ते ग्रीसचं, हे त्यात ठरलं होतं. या देवघेवीत कास्त्रीकरांना मात्र कुणी हिशेबात धरलंच नाही. नुकसानभरपाई हातात पडली नाही म्हणून १८९२च्या शरद ऋतूत त्यांनी काम अडवलं, तेव्हा सरकारने सैनिक आणून उभे केले. मग घरं पाडली गेली, रूळ टाकून ढिगारे वॅगनमधून दरीत लोटले गेले. १८९६ मध्ये सारथ्याचा कांस्याचा पुतळा सापडला आणि भरपाईचा वाद कुणाच्या लक्षात राहिला नाही. उत्खनन झालंच नसतं तर जगाचं नुकसान होतं, हे खरंच. पण पैसे आधी देता आले असते.

आराखोव्हाखाली देऊळ नव्हतं, म्हणून ते जागेवर राहिलं. १८२६च्या नोव्हेंबरात इथल्या लढाईत ग्रीकांनी उस्मानी फौजेचा धुव्वा उडवला होता. पार्नासोस डोंगरावर १९७६ मध्ये स्कीइंगचं केंद्र झालं आणि मेंढपाळांच्या या गावाचं अर्थकारणच पालटलं. आता गालिचे आणि फोर्माएला चीज विकणारी दुकानं हिवाळ्यातल्या अथेन्सकरांवर चालतात. डेल्फीचे प्रवासी बहुतेक वेळा बसच्या खिडकीतूनच गाव बघतात.