सिमिलन द्वीपसमूहातील स्कूबा डायव्हिंग

सिमिलन हा थायलंडच्या फांग ङा प्रांतातील, अंदमान समुद्रातला निर्मनुष्य बेटांचा समूह. स्कूबा डायव्हिंगसाठी आशियात ज्या जागांचे नाव प्रथम घेतले जाते, त्यांत याची गणना होते. मुख्य भूमीपासून सुमारे ६०-७० किमी. पश्चिमेला ही बेटे उत्तर-दक्षिण रांगेत उभी आहेत. दक्षिणेकडून सुरुवात करून त्यांना १ ते ९ असे क्रमांक दिलेले असून बोटीवरची माणसे नावापेक्षा क्रमांकच वापरतात : को मियांग (थाई भाषेत ‘को’ म्हणजे बेट) म्हणजे ४ नंबर, खुद्द को सिमिलन म्हणजे ८ नंबर. १९८२ साली ही बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९९८ मध्ये उत्तरेकडील को बॉन आणि को ताचाई ही दोन बेटे त्यात आली आणि उद्यानाचे क्षेत्र सुमारे १४० चौ. किमी. झाले. यातला बहुतेक भाग पाण्याचाच आहे.

बेटांवर गाव नाही, शेती नाही. उद्यानाचे कर्मचारी तेवढे राहतात. १ नंबरचे को हुयोंग हे बेट समुद्री कासवांच्या विणीसाठी राखलेले असल्याने तेथे पर्यटकांना उतरता येत नाही. मात्र निर्मनुष्य म्हणजे सामसूम अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. हंगामात वर्दळ असते आणि ती जमिनीपेक्षा पाण्यावर अधिक जाणवते. सकाळी आठच्या सुमारास एकाच खडकाभोवती चार-पाच बोटी घुटमळत असतात.

एका बेटाच्या दोन बाजू

सिमिलनचे डायव्हिंग समजून घ्यायचे तर पूर्व आणि पश्चिम हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. ही बेटे ग्रॅनाइटची आहेत. भूगर्भातून वर घुसलेला शिलारस थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा खडक बनला. पुढे झीज होऊन त्याचे प्रचंड गोलसर धोंडे सुटे झाले. को सिमिलनच्या उत्तरेकडील खाडीच्या काठावर शिडाच्या आकाराचा जो खडक छायाचित्रांत सर्वत्र दिसतो, तोही याच घडणीतला. धोंड्यांची ही रास पाण्याखालीही तशीच उतरत जाते.

पूर्वेची बाजू आडोशाची आहे. तेथे पांढऱ्या वाळूचे किनारे असून त्यांच्या पुढे कठीण प्रवाळांचा उतार साधारण ३० मीटरपर्यंत सावकाश खाली जातो. प्रवाह बहुधा मंद असतो. नवशिक्यांना पहिल्या दिवशी इकडेच उतरवतात, कारण अंगावरच्या वजनाचा आणि तरंगण्याचा अंदाज येईपर्यंत ही जागा चुका पोटात घालते. पश्चिमेला किनारा नाही. घरांएवढे धोंडे एकमेकांवर रेललेले, त्यांच्यामधून बोगद्यांसारख्या वाटा, आणि सावलीच्या बाजूंना मृदू प्रवाळ व समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ. को सिमिलनच्या दक्षिणेकडील एलिफंट हेड रॉक हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण. पाण्यावर त्याची तीनच टोके दिसतात. खाली कमानी, घळी आणि आरपार जाणाऱ्या वाटा अशा गुंतलेल्या आहेत की वाटाड्या असूनही दिशा चुकते. ९ नंबरच्या बेटाजवळचा ख्रिसमस पॉइंट याच जातीचा. माझ्या मते माशांच्या गर्दीपेक्षा या दगडी रचनेतून पोहणे हाच सिमिलनचा खरा वेगळेपणा आहे. प्रवाळ आणि मासे इतरत्रही पाहायला मिळतात, अशी ग्रॅनाइटची नगरी क्वचितच.

पाण्याखालच्या लाटा

पश्चिमेला प्रवाळ नाहीत असे नाही. प्रवाळांच्या बऱ्याच जाती तेथे आहेत, पण त्यांच्या सांगाड्यांचे थर साचून भक्कम प्रवाळभित्ती उभी राहिलेली नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटांचा मारा हे याचे एक कारण. दुसरे कारण पृष्ठभागाखाली आहे आणि ते अधिक रंजक आहे.

समुद्राचे पाणी थराथरांनी असते : वर उबदार व हलके, खाली थंड व जड. निकोबार बेटे आणि सुमात्रा यांच्या परिसरातील बुडालेल्या डोंगररांगांवरून भरती-ओहोटीचे पाणी ढकलले जाते, तेव्हा या दोन थरांमधल्या सीमेला मोठी लाट उठते. ही अंतर्गत लाट शेकडो किलोमीटर पूर्वेकडे प्रवास करते. तिची उंची ६० मीटरांहून अधिक असू शकते, तरी बोटीवरच्या माणसाला खळबळत्या पाण्याचा एक लांबच लांब पट्टा सरकताना दिसतो, एवढेच. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत हे पट्टे स्पष्ट उमटले आणि अंदमान समुद्र या विषयाच्या अभ्यासकांचे आवडते ठिकाण बनला.

उथळ पाण्यात शिरल्यावर ही लाट फुटते. तिच्या वाटेत प्रथम येते ती सिमिलनची पश्चिम बाजू. खोल पाण्यातला थंड, पोषकद्रव्यांनी भरलेला, कमी प्राणवायूचा आणि किंचित अधिक आम्लधर्मी लोट उतारावर चढून येतो. काही मिनिटांत तापमानात १० अंश सेल्सियसपर्यंत घट झाल्याच्या नोंदी आहेत. एरवी येथील पाणी २७ ते २९ अंशांचे, म्हणून बहुतेक जण ३ मिलिमीटर जाडीच्या सूटवर निभावतात. असा लोट आला की तोच सूट कागदासारखा वाटतो. समोरचे निळे पाणी हिरवट होते, दृष्टीचा पल्ला आखडतो आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. खोल पाण्यातले मोठे मासे कधी कधी याच थंड लोटाबरोबर वर आलेले दिसतात, म्हणून मुरलेले डायव्हर कुडकुडतानाही उथळाकडे न वळता मोकळ्या पाण्यावर नजर ठेवतात.

या लोटांमुळे प्रवाळांची वाढ खुंटते हे खरे, पण २०१० च्या उन्हाळ्यात त्यांचा उलटा उपयोग झाला. त्या वर्षी अंदमान समुद्र असाधारण तापला. प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवले तापमान वाढल्यावर बाहेर टाकली जातात, प्रवाळ पांढरे पडतात आणि उष्मा टिकला तर मरतात. सिमिलनच्या आडोशाच्या पूर्व बाजूला, म्हणजे जेथे प्रवाळभित्ती अधिक भरदार होती तेथेच, हानी जास्त झाली. पश्चिमेला थंड पाण्याचे हबके अधूनमधून मिळत राहिल्याने प्रवाळ तुलनेने तगले. को पायू बेटाजवळची ईस्ट ऑफ ईडन ही एके काळची सर्वांत गाजलेली पूर्वेकडील जागा त्या आपत्तीनंतर बंद करण्यात आली. जानेवारी २०११ मध्ये थायलंड सरकारने विविध सागरी उद्यानांतील एकूण १८ जागा डायव्हिंगसाठी बंद केल्या, त्यांत ती होती.

उत्तरेकडील खडक

डायव्हिंगच्या सफरी सिमिलनवर थांबत नाहीत, त्या उत्तरेकडे सरकत जातात. को बॉन येथे ग्रॅनाइट संपून चुनखडक सुरू होतो. त्याच्या नैर्ऋत्येकडील सोंड पाण्याखाली खोलवर उतरते आणि तेथे मँटा रे येतात. हे पाकट जातीचे अवाढव्य मासे कडेला असलेल्या बारक्या माशांकडून अंगावरचे परजीवी साफ करून घेतात, त्यामुळे एकाच जागी घिरट्या घालतात. त्यांचा पाठलाग केला तर ते निघून जातात. तळाशी नाही, खडकाच्या कडेला शांत राहिले तर पुन्हा पुन्हा डोक्यावरून जातात. को ताचाईच्या दक्षिणेला बुडालेला खडक आहे. तेथील प्रवाह जोरकस असल्याने नांगराच्या दोराला धरून उतरावे लागते, पण बॅटफिश, ट्रेव्हली आणि बाराकुडा यांचे थवे त्याच प्रवाहावर जगतात.

यापलीकडचा रिशेलू रॉक हा नियमाने सुरिन या शेजारच्या उद्यानात मोडतो, तरी सिमिलनची सफर त्याच्याशिवाय पुरी झाली असे कोणी मानत नाही. उघड्या समुद्रातला हा घोड्याच्या नालाच्या आकाराचा चुनखडकाचा सुळका ओहोटीला जेमतेम डोके वर काढतो. सयामच्या नौदलात मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या रिशेलू या डॅनिश अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. जांभळ्या मृदू प्रवाळांनी तो मढलेला आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कधी कधी व्हेल शार्क येतो आणि सगळ्यांच्या माना मोकळ्या पाण्याकडे वळतात. तसे होणे घाईचे आहे. समुद्रघोडे, घोस्ट पाइपफिश, हार्लेक्विन कोळंबी, रंग बदलणारे कटलफिश असे बोटभर ते हातभर जीव खडकाच्या फटींत असतात आणि ते हमखास भेटतात. व्हेल शार्कची खात्री नाही.

सुरिन बेटांवर मोकेन या समुद्रभटक्या समाजाची वस्ती आहे. हवेची टाकी, तीतली हवा तोंडाशी पोचवणारा रेग्युलेटर यांच्या कितीतरी आधीपासून हे लोक या पाण्यात बुडी मारत आले आहेत. स्वीडिश संशोधक आना गिसलेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मोकेन मुलांना चश्म्याविना पाण्याखाली युरोपीय मुलांपेक्षा दुपटीहून अधिक स्पष्ट दिसते. ही मुले पाण्याखाली डोळ्यांच्या बाहुल्या कमालीच्या आकुंचित करतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत समुद्र मागे हटताच त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जुन्या कथांवरून धोका ओळखला आणि वस्ती उंचावर गेली. समोरच्या खाओ लाक किनाऱ्यावर मात्र त्याच लाटेने थायलंडमधली सर्वाधिक प्राणहानी केली. पाण्याखालचे नुकसान जागोजागी वेगळे होते : ख्रिसमस पॉइंटसारख्या ठिकाणी समुद्रपंखे मोडले, काही भित्तींना ओरखडाही आला नाही.

हंगाम आणि सफर

उद्यान दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास उघडते आणि मेच्या मध्यावर बंद होते. कोकणातल्या होड्या ज्या मोसमी वाऱ्यांमुळे किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेच वारे इकडेही समुद्र बंद पाडतात. म्हणून तारकर्लीला स्कूबा शिकणाऱ्याला हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. दृश्यमानतेचा हिशेब मात्र निराळा आहे. सिमिलनला २० ते ३० मीटर दिसणे ही सर्वसाधारण गोष्ट समजली जाते.

खाओ लाकजवळील थाप लामू हा धक्का मुख्य प्रवेशद्वार. तेथून स्पीडबोट दीड तासात बेटांवर पोचते आणि एका दिवसात दोन-तीन डाइव्ह करून परत येता येते. पण उत्तरेकडचे खडक पाहायचे तर मुक्कामी बोट, म्हणजे लाइव्हअबोर्ड, हाच खरा मार्ग. साधारण चार दिवसांत १४-१५ डाइव्ह होतात. उजाडताच ब्रीफिंग, पहिली डाइव्ह, मग नाश्ता, झोप, पुन्हा पाणी असा क्रम रात्रीपर्यंत चालतो. इतक्या डाइव्ह लागोपाठ केल्या की शरीरात नायट्रोजन साठत जातो. त्यामुळे बरेच जण ३२ टक्के प्राणवायू असलेले नायट्रॉक्स मिश्रण घेतात. त्यात नायट्रोजन कमी असल्याने पाण्याखाली अधिक वेळ मिळतो, पण ३३ मीटरच्या खाली तेच मिश्रण धोक्याचे ठरते. प्रवाह असलेल्या जागी मार्कर बॉय, म्हणजे पाण्यावर खुणेसाठी सोडायचा फुगा, जवळ असलाच पाहिजे, नाहीतर वर आल्यावर बोटीला तुम्ही दिसणार नाही. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, हा नियम परतीचे तिकीट काढतानाच पाळायचा असतो. मुंबईहून चार दिवसांची सुट्टी काढून जाणारे येथेच फसतात.

सर्वसाधारण प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा असते आणि पूर्व बाजूला तेवढे पुरते. पश्चिमेचे धोंडे, को ताचाई, रिशेलू यांचा ऐवज बराचसा त्याखाली आहे. प्रगत प्रशिक्षण आणि काही डाइव्ह गाठीशी असल्याशिवाय या सफरीवर खर्च करू नये, असे स्पष्टच सांगावेसे वाटते.

गर्दी आणि निर्बंध

त्सुनामी आणि उष्मा यांच्यापेक्षा गेल्या दशकात पर्यटकांची संख्या अधिक चिंतेची ठरली. को ताचाईच्या पुळणीवर सत्तरेक माणसे मावतील एवढी जागा असताना कधी कधी हजारावर लोक उतरत. २०१६ मध्ये ते बेट पर्यटकांना बंद झाले. ऑक्टोबर २०१८ पासून सिमिलनवर रात्री राहण्यास मनाई झाली, तंबू आणि झोपड्या हटल्या आणि दिवसाला ३,३२५ पर्यटक व ५२५ डायव्हर अशी मर्यादा घालण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रवाळांना अपायकारक ठरलेल्या ऑक्सिबेन्झोनसह चार रसायनांची सनस्क्रीन देशातील सर्व राष्ट्रीय उद्यानांत वापरण्यावर बंदी आली. दंड १ लाख बाहतपर्यंत आहे. मुक्कामी बोटींना रात्रीची मनाई लागू नाही. त्यामुळे पुळणीवर उन्हात पडायला येणाऱ्यांना संध्याकाळी परत फिरावे लागते आणि बेटांच्या आडोशाला रात्र काढतात ते डायव्हरच.