भिऱ्याचा मार्च, नागपूरचा मे : महाराष्ट्रातल्या आगाप उन्हाळ्याची पार्श्वभूमी

२८ मार्च २०१७, गुढीपाडव्याचा दिवस. रायगड जिल्ह्यातल्या भिरा केंद्रावर कमाल तापमान ४६.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले. राज्यातला त्या दिवसाचा सर्वांत मोठा आकडा अकोला किंवा चंद्रपूरचा नव्हता, कोकणातला होता. उन्हाळा म्हटला की विदर्भ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. मे महिन्यापुरते ते खरेही आहे, पण फेब्रुवारी-मार्चला लागू होत नाही.

भिरा ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी आहे. मुळशी धरणाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून तिथे वीज तयार होते. फेब्रुवारीच्या अखेरीस मध्य भारतावर हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसला की देशावरून पूर्वेचे कोरडे वारे सुटतात आणि हाच उतार उतरतात. खाली येणारी कोरडी हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने तापते. घाटमाथ्यावरून ३८ अंशांनी निघालेली हवा पायथ्याशी ४३ च्या घरात पोहोचते, आणि तिथल्या जमिनीची स्वतःची ताप वेगळीच. डोंगराच्या कुशीत वारा कोंडला की आकडा आणखी चढतो.

मुंबईचे गणित खाऱ्या वाऱ्यांवर चालते. एरवी दुपार व्हायच्या आतच समुद्रावरून वारा सुरू होतो आणि पारा तेहतिशीत अडकतो. पूर्वेचा वारा जोरात असेल तर खारे वारे दोन-तीन वाजेपर्यंत आत शिरतच नाहीत आणि तेवढ्या वेळात तापमान ३८-४० वर जाते. सांताक्रूझचे विक्रम याची साक्ष देतात : १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश, २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश. मेमध्ये पश्चिमेचे वारे स्थिरावतात. तेव्हा मुंबईत घामाच्या धारा लागतात, पण पारा एवढा उडत नाही. म्हणून ‘मुंबईत मार्चमध्ये चाळिशी’ ही बातमी मोठी असली तरी नवी नाही. असे तापलेले दिवस कधीकधी फेब्रुवारीतही येतात.

विदर्भाला समुद्राचा आधार नाही. सूर्य कोल्हापूरच्या डोक्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईच्या महिन्याच्या मध्यावर आणि नागपूरच्या २६ मेच्या सुमारास. तोवर जमिनीतला ओलावा संपलेला असतो. नागपूरची ४७.९ अंशांची नोंद २३ मे २०१३ची आहे, म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या तोंडावरची.

हे फरक आपल्याला आकड्यांत सांगता येतात, कारण नोंदी जुन्या आहेत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, हवामान खाते १८७५चे. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, आणि पुढे ते दिल्लीला गेले तरी शिवाजीनगरचा तो चौक आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो. अधिकृत तापमान मोजण्याची रीत ठरलेली आहे : पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे वाचन घेताना ऊन थेट तापमापकावर पडत नाही. पेटी मोकळ्या मैदानात हवी. भिंत किंवा डांबर जवळ असेल तर आकडा फुगतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचे किंवा गच्चीवरचे तापमान या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. स्वयंचलित केंद्रेही चुकतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. तो संवेदकाचा बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, पण तोवर आकडा फोनोफोनी पसरला होता.

उष्णतेच्या लाटेची व्याख्या प्रदेशागणिक वेगळी आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश हवे, शिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवे. फरक ६.४ च्या वर गेला तर लाट तीव्र. मैदानात पारा थेट ४५ ला गेला तर सरासरी न बघताही लाट मानतात. पण हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर ही स्थिती सलग दोन दिवस असावी लागते आणि लाट दुसऱ्या दिवशी जाहीर होते. आपल्या राज्यात असे उपविभाग चार : कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ.

आगाप उन्हाळ्यात ही व्याख्या तोकडी पडते. पुण्यात किंवा जालन्यात फेब्रुवारीत ३७ अंश म्हणजे सरासरीहून बरेच जास्त, तरीही चाळिशी न गाठल्याने ती लाट ठरत नाही. दमट हवेचा त्रासही निव्वळ तापमानात दिसत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. घाम वाळत नसेल तर शरीराला ३८ अंशही झेपत नाहीत.

गेल्या दहा-बारा वर्षांत या ऋतूची घडी अनेकदा विस्कटली. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडचे पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांच्या प्रणाली) आणि दोन्ही समुद्रांवरून आलेली बाष्पयुक्त हवा राज्यावर एकत्र आली. मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारांनी हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षे झोडपली. २०२२चा मार्च याच्या अगदी उलट गेला. पाऊस फारसा झालाच नाही, आणि देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंशांवर गेले. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत तापलेला मार्च. दाणा भरायच्या वेळीच उत्तरेतला गहू बारीक राहिला आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२३च्या फेब्रुवारीत देशाच्या याच सरासरीने २९.५४ अंशांचा, फेब्रुवारीपुरता नवा उच्चांक केला. २०२५ मध्ये फेब्रुवारीतच मुंबई-कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. पुढे त्याच वर्षीच्या मेमध्ये अवकाळीने ऊन झाकोळले आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे. तापलेला फेब्रुवारी पाहून ‘यंदा मे होरपळणार’ असे छातीठोकपणे सांगू नये, ते एवढ्यासाठी.

‘सरासरी’ हा शब्दही सावधपणे वाचावा. ती ३० वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. सध्याची १९९१ ते २०२० ची आहे. आधार वर सरकला की तेच तापमान आधीच्यापेक्षा कमी ‘असामान्य’ दिसते. त्यामुळे जुन्या बातमीतला ‘सरासरीपेक्षा ५ अंश जास्त’ आणि आजचा ‘५ अंश जास्त’ एकाच मापाचे नाहीत.

कोकणात या सगळ्याचा पहिला फटका हापूसला बसतो. मार्चच्या झळांनी मोहोर करपतो, वाटाणा-गोटीएवढी कणी गळते आणि झाडावर उरलेल्या फळातही साका होण्याचा, म्हणजे आतला गर पांढरट आणि न पिकलेला राहण्याचा, धोका वाढतो. अंदाजात ‘कमाल तापमान ३७ च्या वर, वारे पूर्वेकडून’ असे आले की हाताशी दोन-तीनच दिवस असतात. फळधारणा झालेल्या कलमांना दर पंधरा दिवसांनी झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी द्यावे, बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली, आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. फळे अंड्याएवढी झाली की कागदी पिशव्या चढवाव्यात. तोडणी सकाळी ऊन चढायच्या आत करावी आणि उतरवलेला आंबा तापल्या कातळावर क्षणभरही ठेवू नये, थेट सावलीत न्यावा.